रंग कोणाचा

आमच्या मराठी मंडळात कुठलीही गोष्ट कोणी एक माणूस ठरवत नाही. सगळं सर्वानुमते ठरतं. संक्रांतीला तिळाच्या वड्या करायच्या की लाडू, सर्वानुमते. हॉलमधला बंद पडलेला पंखा दुरुस्त करायचा की नवा आणायचा, सर्वानुमते; तो अजून बंदच आहे. इतिवृत्ताची वही उघडून बघा, इतक्या वर्षांत एकाही ठरावाखाली दुसरा शब्द सापडायचा नाही. तेव्हा माझ्या गणपतीला गुलाबी रंग फासायचं सर्वानुमते ठरलं यात नवल काहीच नाही. मला मात्र ते कोणी कळवलं नाही.

मी नूपुर उपासनी. वय चौतीस, मातीत काम करते. मंडळातले लोक मला 'आपली आर्टिस्ट' म्हणतात. आईला कोणी विचारलं तर ती म्हणते, 'तिचं तिचं काहीतरी चालू असतं.' बाबा, म्हणजे दत्तात्रय उपासनी, सरकारी बँकेत अधिकारी होते. मी चार वर्षांची असताना त्यांची कोलकात्याला बदली झाली. तीन वर्षांत परत जायचं म्हणून आईने चांगली भांडी खोक्यातच ठेवली होती. तीनाची सहा झाली, सहाची दहा, मग शहराच्या बेहाला भागात फ्लॅट घेतला आणि भांडी एकदाची बाहेर आली. मी इथलीच झाले. बांगला भाषा मला झोपेतही बोलता येते. मराठी घरात बोलायची आणि मंडळात, एवढीच.

बदली होऊन जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने जाताना एक मराठी पुस्तक मंडळाच्या कपाटात ठेवायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. हेतू उदात्त. प्रत्यक्षात लोक सामानात जे नको असतं तेच ठेवून जातात. त्यामुळे आमच्या कपाटात राशिभविष्यं, मधुमेहाची पथ्यं आणि एकाच पाककृतीच्या पुस्तकाच्या सहा प्रती आहेत. कपाटाची किल्ली विनीताकाकू खांबेट्यांकडे. त्यांचे यजमान रेल्वेत होते. ते गेल्यावर काकू नागपूरला परत जातील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण त्या गेल्या नाहीत. प्रत्येक पुस्तकाला तपकिरी कागदाचं कव्हर घालून वर नंबर टाकायचा, हे काम त्या अजून करतात. पुस्तक पंधरा दिवसांत परत आलं नाही तर घरी फोन येतो, आणि फोनवर काकू जेवलीस का वगैरे काही विचारत नाहीत.

सोळाव्या वर्षी मी त्या कपाटातून दोनशे बारा नंबरचं पुस्तक घरी नेलं. त्याला मूळ कव्हर नव्हतं, नावाचं पान नव्हतं, लेखक कोण ते कळायला मार्ग नव्हता. कादंबरी होती. माझं मराठी वाचन तेव्हा यथातथाच, ओळीखाली बोट धरून मी ती तीन आठवडे वाचली. गोष्ट एका ओताऱ्याची. गावाच्या देवळासाठी तो घंटा ओततो. गावकऱ्यांना घंटेवर देणगीदारांची नावं कोरून हवी असतात आणि तो नाही म्हणतो. तो म्हणतो, ज्याला घंटा ऐकायची असेल त्याने देवळात यावं, ज्याला स्वतःचं नाव ऐकायचं असेल त्याने घरी बसावं. गावकरी मान डोलावतात आणि तो बाजाराला गेल्यावर दुसऱ्याच कारागिराकडून नावं कोरून घेतात. ओतारी परत येतो, घंटा बघतो, घण उचलतो आणि घंटेचे तुकडे करतो. मग तो वेशीबाहेर पडतो. तिथे पुस्तक संपतं.

ते पुस्तक मी बंद केलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आमच्या घरात, मंडळात, शाळेत सगळीकडे 'आपण' होता. आपण असं करत नाही, आपल्यात असं चालत नाही. हा पहिला माणूस भेटला जो 'मी' म्हणाला आणि त्याची किंमत द्यायलाही तयार झाला. बारावीनंतर मी बाबांना सांगितलं की कॉमर्सला जाणार नाही, आर्ट कॉलेजला जाणार. ते धैर्य माझं नव्हतंच, ओताऱ्याचं होतं.

कॉलेजनंतर सहा वर्षं मी बेहालातल्या एका मोठ्या थीम-आर्टिस्टकडे काम केलं. दुर्गापूजेचे मंडप त्याच्या नावाने गाजतात. हाताखाली आम्ही तीस जण, आणि फलकावर नाव त्याचं एकट्याचं. एके वर्षी मी घडवलेल्या अकरा मुखवट्यांसमोर उभं राहून त्याने टीव्हीवाल्यांना सांगितलं की हे चेहरे त्याला स्वप्नात दिसले. मी त्याच दुपारी हत्यारांची पिशवी उचलली आणि निघाले. शिंप्याच्या दुकानामागचं एक गॅरेज भाड्याने घेतलं. तिथे फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोनशे बारा नंबर अजून होता. मी तो कधी परत केलाच नाही. अठरा वर्षांत विनीताकाकूंचा एकही फोन आला नाही, आणि यात काही विचित्र आहे हे माझ्या कधी डोक्यातही आलं नाही.

तर गणपती. मंडळाची मूर्ती दरवर्षी कुमारटुलीहून, इथल्या मूर्तिकारांच्या वस्तीतून येते, आणि दरवर्षी आरती संपली की प्रसाद खाताखाता तीच तक्रार सुरू होते. गणपती बंगाली दिसतो. पोट नाही, डोळे कानापर्यंत, दुर्गेच्या शेजारून उचलून आणल्यासारखा. यंदा मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून अध्यक्ष उदयकाका करंबेळकर आमच्या घरी आले. बरोबर चिटणीस सलील, सॉल्ट लेकला सेक्टर फाइव्हमधल्या आयटी कंपनीत मोठ्या पदावर असलेला. यंदाची मूर्ती आपल्या माणसाच्या हातची हवी, असं उदयकाका म्हणाले.

मी लगेच हो म्हटलं नाही. आधी हातभर उंचीचा नमुना केला आणि सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावून दाखवला. मूर्तीला रंग असणार नाही, हे मी तीनदा सांगितलं. हुगळीची माती जशी आहे तशी, राखाडी, फक्त घोटून चकाकी आणलेली. मुकुट नाही, सोनेरी काही नाही. ज्या नदीतून आला आणि ज्या नदीत जाणार, तिच्याच रंगाचा. उदयकाकांनी नमुन्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "तुझ्या मनासारखं कर, बाळ." सलीलने फोटो काढले. बाबा दारातल्या स्टुलावर बसून ऐकत होते. मला वाटलं, ठरलं.

तीन महिने मी दुसरं काही केलं नाही. बांबू आणि पेंढ्याचा सांगाडा इथल्या पद्धतीने बांधला, पण बैठक, पोट, सोंडेचं वळण आपलं. कोलकात्याच्या दमट हवेत माती धड वाळत नाही आणि वाळली की तडकते. प्रत्येक तडा पातळ सुती कापडाच्या पट्ट्यांनी आणि मऊ मातीने भरायचा, पुन्हा वाळू द्यायचा, पुन्हा भरायचा. शेवटचे पंधरा दिवस स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घोटत बसले. उजव्या हाताचा अंगठा अजून दुखतो. पण त्या मूर्तीच्या चेहऱ्यावर खिडकीतला उजेड पडला ना, की मला बघत राहावंसं वाटायचं. स्वतःच्या कामाबद्दल असं बोलू नये म्हणतात. मी बोलते.

रविवारी टेम्पोने मूर्ती हॉलवर पोचवली. बुधवारी चतुर्थी. मंगळवारी दुपारी शेवटचा हात फिरवायला गेले तर हॉलच्या दारातच रंगाचा वास आला.

गणपती गुलाबी होता. पितांबर पिवळा, शेला हिरवा, डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट दोऱ्याने बांधलेला. पंधरा दिवस घोटलेल्या पोटावर रंगाचे दोन ओघळ सुकले होते. आणि डोळे. कुमारटुलीहून आणलेल्या रंगाऱ्याने बिचाऱ्याने त्याला येतात तसे डोळे काढले होते, लांब, कानापर्यंत गेलेले. म्हणजे ज्यासाठी पन्नास वर्षं कुरकुर केली तेच माझ्या मूर्तीवर काढून घेतलं होतं आणि ते एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

हॉलमध्ये दहाबारा माणसं होती. सलील माळा लावत होता. उदयकाका खुर्चीवर बसून फोनवर बोलत होते. विनीताकाकू सतरंजीवर वाती वळत होत्या. कोपऱ्यात बाबा आरतीची पुस्तकं लावत होते. मी विचारलं, हे कोणी केलं?

सलील आधी बोलला. त्याने ऑफिसातली भाषा काढली. फोटो ग्रुपवर टाकले होते, फीडबॅक मिक्स होता, लहान मुलं घाबरतील असं काहींना वाटलं, मग मीटिंगमध्ये कन्सेन्सस झाला. मी विचारलं, तुझं काय मत होतं? तो म्हणाला, त्याचं पर्सनली काही नव्हतं. उदयकाकांनी फोन ठेवला आणि मला समजावलं की कलाकाराने लोकांसाठी थोडं वाकावं, देव सगळ्यांचा असतो, पाचामुखी परमेश्वर. मी विचारलं, त्या पाचांतलं एक मुख तुमचं होतं का? तर ते म्हणाले की अध्यक्ष तटस्थ असतो. शेजारच्या दोघीतिघींनाही विचारलं. एकीला राखाडी चालला असता पण सगळ्यांना नको होता. दुसरीचंही तेच. तिसरी मीटिंगला चहा बघत होती. गणपती अख्खा रंगवला गेला होता आणि तो रंगवावा असं म्हणणारा एक माणूस त्या हॉलमध्ये सापडत नव्हता.

मी बाबांकडे वळले. "बाबा, तुम्ही होतात ना मीटिंगला?"

"होतो," ते म्हणाले. हातातली पुस्तकं त्यांनी पुन्हा एकदा सारखी केली. "सगळ्यांचंच मत पडलं, नूपुर."

बाकीच्यांचं मला एवढं लागलं नव्हतं. मी हत्यारांच्या पिशवीतून हातोडी काढली. माझा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. मी म्हटलं, उद्या सकाळी प्राणप्रतिष्ठा झाली की तो तुमचा देव. तोवर ती माती आहे आणि माती माझी आहे. मी ती फोडणार. उदयकाका उठून मूर्तीपुढे आले, कोणीतरी अशुभ बोलू नकोस म्हणालं. मी सांगितलं की तुमच्याच कपाटातल्या पुस्तकात एक ओतारी आहे, त्याने जे केलं तेच मी करते आहे. सोळाव्या वर्षापासून मी त्याच्याच हिशेबाने जगते आहे. तो वेशीबाहेर पडला, मीही पडेन.

"तो परत आला होता," विनीताकाकू म्हणाल्या.

त्यांनी हातातली वात पूर्ण वळली, ताटात ठेवली, आणि मग वर बघितलं. "शेवटची सहा पानं तू वाचलेली नाहीस. मी फाडली ती."

मला आधी अर्थच लागला नाही. काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या, कपाट उघडलं, सगळ्यात खालच्या फळीवर अंथरलेला कागद उचलला आणि त्याखालून एक पिवळं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. मी हातोडी बगलेत धरून ती पानं उभ्याउभ्या वाचली. सगळे बघत होते, बघू देत.

बारा वर्षांनी ओतारी परत येतो. केस पांढरे झालेले. पाटलाच्या पाया पडतो, चुकलो म्हणतो. नवी घंटा ओततो, तिच्यावर एक्केचाळीस देणगीदारांची नावं स्वतःच्या हाताने कोरतो, आणि ती घंटा आधीच्या घंटेपेक्षा गोड वाजते. गाव त्याला पालखीत बसवतं. शेवटच्या ओळीत त्याच्या डोळ्यांत कृतार्थतेचे अश्रू आहेत. लेखकाने कच खाल्ली होती. दोनशे पानं ताठ चालवलेला माणूस शेवटच्या सहा पानांत गुडघ्यावर आणला होता, आणि लिहिलंही होतं भिकार.

काकू सांगत होत्या. पानं फाडली तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या, नुकत्याच इथे आलेल्या. एका शाळेत नोकरी मिळत होती. सासरी पत्र गेलं, सगळ्यांचं मत पडलं की नको. त्याच आठवड्यात हे पुस्तक कपाटात नंबर घालायला आलं. "तो परत आला तेव्हा मला इतका संताप आला," त्या म्हणाल्या, "की पानं ओढून काढली. म्हटलं, निदान पुस्तकात तरी कोणी परत येऊ नये. नावाचं पानही काढलं, कोणी दुसरी प्रत शोधू नये म्हणून. तू नेलंस तेव्हा पोरगी आहे, आणेल परत म्हटलं. नाही आणलंस, मग मीही मागितलं नाही."

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही, राग आला. अठरा वर्षं मी ज्याच्या जोरावर उभी होते तो ओतारी मुळात लेखकाचा नव्हताच. एका बाईने दुसऱ्याचं काम तोडून, मोडून, आपल्या मनासारखं करून कपाटात ठेवलं होतं आणि मी त्यालाच दैवत मानलं होतं. दुसऱ्याच्या कामाला कोणी हात लावू नये, हे मी शिकले कुठून, तर हात लावलेल्या पुस्तकातून. हसावं की रडावं ते कळेना.

"मग तुमच्यात आणि यांच्यात फरक काय?" मी विचारलं. "यांनी रंग फासला, तुम्ही पानं फाडली."

"काही फरक नाही," काकू म्हणाल्या. "मला तसा हक्क नव्हता. पण मी फाडली, हे मी तुला सांगते आहे."

त्या परत जाऊन सतरंजीवर बसल्या आणि कापूस हातात घेतला. मी हातोडी पिशवीत टाकली. ओताऱ्यासारखं वागायचं तर कुठल्या ओताऱ्यासारखं, हा प्रश्न आता होताच. लेखकाचा ओतारी मला नको होता, काकूंचा उसना होता. म्हणजे पुढचं मलाच ठरवायचं होतं, आणि ते मला त्या क्षणी अजिबात नको होतं. मला घरी जाऊन उशीत तोंड खुपसायचं होतं.

मूर्तीशेजारी सलीलने छापून आणलेला फलक होता, 'आपल्या नूपुरच्या हातची मूर्ती'. मी तो उलटा केला. पाठ कोरी होती. सलीलच्या खिशातलं मार्कर घेऊन मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'माती: नूपुर उपासनी'. त्याखाली लिहिलं, 'रंग:' आणि पुढची जागा मोकळी सोडली.

मी सगळ्यांना सांगितलं की हा रंग चिंचोक्याच्या खळीतला आहे, ओल्या फडक्याने निघतो. संध्याकाळपर्यंत मी तो उतरवू शकते. पण ज्याने तो द्यायचं ठरवलं त्याने इथे आपलं नाव लिहावं. एक नाव. ते आलं तर मी रंगाला बोट लावणार नाही, ते त्याचं काम आहे असं समजेन. उदयकाका म्हणाले, कार्यकारिणी असं लिही. मी म्हटलं, कार्यकारिणीला हात नसतात. त्यांनी मार्कर घेतलं, टोपण काढलं, फलकाकडे बघितलं, टोपण लावलं आणि मार्कर टेबलावर ठेवून दिलं. सलीलने काहीतरी प्रोसेसबद्दल सांगितलं. बाकीची मंडळी माळांकडे, फोनकडे, छताकडे बघू लागली.

मी बादली भरून आणली. फडकं भिजवलं, पिळलं. खरं सांगायचं तर मला आनंद होत होता, आणि तो चांगल्यातला नव्हता. सगळ्यांची तोंडं बघताना मला वाटत होतं, बघा, एकालाही स्वतःचं नाव पेलत नाही. मी स्टुलावर चढले आणि मुकुटाचा दोरा सोडला.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं तर बाबा फलकापाशी उभे होते आणि त्यांच्या हातात मार्कर होतं.

बाबांनी चौतीस वर्षं बँकेत सह्या केल्या. रोज शेदोनशे. प्रत्येक सहीच्या वर 'बँकेकरिता' असा शिक्का. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं की तुमची स्वतःची सही कुठे असते, तर ते हसले होते. आता त्यांनी सही केली नाही. शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर सुटं काढत 'रंग:'च्या पुढे लिहिलं, दत्तात्रय उपासनी. मग टोपण लावलं.

"अहो, तुम्ही एकट्याने कशाला," उदयकाका म्हणाले.

"मी हात वर केला होता," बाबा म्हणाले. ते उदयकाकांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. "पहिला मीच केला. मला तो राखाडी गणपती आवडला नाही, नूपुर. नमुना बघितला तेव्हाच आवडला नव्हता. गणपती म्हटला की मला रंग लागतो. तुला तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून मीटिंगमध्ये सांगितलं."

मी स्टुलावर होते. फडक्यातलं पाणी कोपरापर्यंत आलं होतं. नुसतं पुसायचं म्हटलं असतं तर पाच मिनिटांत तो चेहरा मोकळा झाला असता. माझं तीन महिन्यांचं काम एका बोटाच्या अंतरावर होतं, आणि मीच दहा माणसांदेखत शब्द दिला होता.

"गॅरेजमध्येच का नाही सांगितलंत?" मी विचारलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा जोरात विचारलं गेलं.

"तू कामाबद्दल बोलतेस तेव्हा मला तुझी भीती वाटते," बाबा म्हणाले. "बारावीपासून."

त्यांच्यावर ओरडावं असं वाटत होतं आणि त्यांना जवळ घ्यावं असंही वाटत होतं. दोन्ही जमलं नाही. मी मुकुटाचा दोरा परत बांधला. नीट बांधला, आधी तो तिरका होता. मग खाली उतरून बादली मोरीत ओतली.

बुधवारी प्राणप्रतिष्ठा झाली. फलक मूर्तीशेजारी तसाच होता. सकाळी उदयकाकांनी त्याच्यासमोर फुलदाणी आणून ठेवली, मी ती उचलून दुसरीकडे ठेवली, दुपारी ती परत तिथे होती, मी परत उचलली. लोक फलक वाचायचे आणि बाबांना विचारायचे, अरे वा, तुम्ही रंगकामही करता? बाबा प्रत्येकाला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगत. पाचव्या-सहाव्या वेळेला त्यांचा आवाज बऱ्यापैकी ठाम झाला होता. एका बाईंना त्यांनी डोळे चुकलेत हेही दाखवलं, आणि डोळे आपले नाहीत, ते रंगाऱ्याचे, त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, असंही सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी दोनशे बारा नंबर परत केला. काकूंनी माझ्यासमोर कणकेची खळ करून ती सहा पानं जागच्या जागी चिकटवली. मी त्यांना सांगितलं होतं की लावायची असतील तर खाली काहीतरी लिहून लावा. त्यांनी समासात बारीक अक्षरांत लिहिलं, 'ही पाने मी फाडली होती', खाली पूर्ण नाव घातलं आणि तारीख टाकली. मग पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि मला म्हणाल्या की अठरा वर्षं उशीर झाला आहे, पुढच्या वेळी पंधरा दिवसांत आणायचं.

विसर्जनाला हॉलच्या अंगणातल्या हौदात मूर्ती सोडली; तिथली माती मागून नदीत जाते. पाण्यात आधी बाबांचा रंग गेला. गुलाबी, मग पिवळा. खालची राखाडी माती मिनिटभर दिसली, घोटलेलं पोट, सोंडेचं वळण, आणि मग तीही विरघळायला लागली. बाबा हौदाच्या काठावर माझ्या शेजारी उभे होते. मी त्यांना विचारलं, आता कसा वाटतो? त्यांनी पुढे वाकून बघितलं.

"अजूनही नाही आवडत," ते म्हणाले.

मलाही तो गुलाबी रंग आवडला नव्हता, शेवटपर्यंत नाही. पण तो कोणाचा होता, ते मला माहीत होतं.